काचेच्या घरातला शेजार
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घनसावंगीत आमच्या गल्लीत सातवीत शिकणारा एक मुलगा आहे. मागे दिवाळीत त्याच्या वडिलांनी त्याला शहरातून माशांची काचेची टाकी आणून दिली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. सोबत पंधरा मासे. दोन सोनेरी गोल्डफिश, दोन डौलदार एंजल, सहा निळ्या-लाल पट्ट्यांचे निऑन, चार पट्टेरी टायगर बार्ब आणि ‘काच साफ करतो’ म्हणून दिलेला एक काळा सकर. पहिल्या दिवशी सगळी गल्ली टाकी पाहायला लोटली होती. आठवडा उलटला तेव्हा टाकीत तीन मासे उरले होते.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, पाणी तर मी रोज बदलत होतो. खायलाही भरपूर टाकत होतो.” पोर रडवेलं झालं होतं. त्याने हयगय केली नव्हती. उलट, जेवढी माया करता येईल तेवढी केली होती. चूक खरेदीतच झाली होती. कापडाच्या दुकानात रंग पाहून कापड निवडावं, तसे हे मासे निवडले गेले होते. निऑन सकाळी मोजले की एकेक कमी भरत. ते एंजलच्या पोटात जात होते. एंजलच्या लांब परांचे तुकडे टायगर बार्ब तोडत होते. गोल्डफिश भरपूर खात होते आणि तेवढीच घाण करत होते. आणि रोज पाणी बदलल्यामुळे प्रत्येक माशाला रोज नव्या पाण्याचा धक्का बसत होता.

संस्कृतात ‘मात्स्यन्याय’ असा शब्द आहे. मोठा मासा लहान माशाला गिळतो, तसं राजा नसलेल्या राज्यात बलवान दुबळ्याला गिळतो, असं कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितलं आहे. नदीत हा न्याय चालतो खरा, पण तिथे लहान माशाला पळायला जागा असते, लपायला कपारी असतात, शेवाळ असतं. दोन फुटांच्या काचेच्या टाकीत पळून जाणार कुठे? घर घेताना आपण शेजार पाहतो. शेजार वाईट निघालाच तर घर बदलता येतं. माशाला ती सोय नाही. त्याचा शेजार आपण निवडतो. म्हणून टाकीत राजा कोणी असेल तर तो आपण आहोत, आणि त्या राज्यात शांतता राहील की मात्स्यन्याय चालेल, हे दुकानातच ठरतं.

निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात, असं मी सांगत असतो : पाणी, वाढ, स्वभाव आणि मजला.

आधी पाणी. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण आहे. बोअरचं आणि आडाचं पाणी त्यातून झिरपत येतं आणि येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येतं. साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, हे आपण रोज पाहतो. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात, आपण जड पाणी म्हणतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार कठीणपणा लिटरला २०० मिलीग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा, असं आहे. आपल्या बोअरच्या पाण्याची तपासणी करून घेतली की आपण या पट्ट्यात कुठे बसतो ते कळतं.

आता निऑनचा विचार करा. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या जंगलातल्या ओहोळांचं पाणी पालापाचोळ्याने चहासारखं तांबूस झालेलं, जवळजवळ क्षार नसलेलं असतं. त्याला आपल्या बोअरच्या पाण्यात एकदम सोडणं म्हणजे कोकणातल्या माणसाला मे महिन्याच्या दुपारी गोदाकाठच्या रानात उघड्यावर उभं करण्यासारखं आहे. गप्पी, प्लॅटी आणि मॉली हे मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून आलेले, पण क्षारांचं पाणी त्यांना मानवतं. आपलं जड पाणी हा त्यांच्या दृष्टीने दोष नाहीच.

एक खुलासा करायला हवा. आज दुकानात मिळणारे बहुतेक मासे जंगलातून पकडून आणलेले नसतात. चेन्नईजवळ आणि बंगालमध्ये त्यांची पैदास होते, आणि असे मासे थोड्या वेगळ्या पाण्याशी जुळवून घेतात. म्हणून दुकानदाराला आधी विचारावं, की तुमच्या टाकीत पाणी कुठलं आहे? त्याचं आणि आपलं पाणी सारखं असेल तर अर्धं काम झालं. निऑनसाठी घरच्या आरओ यंत्राचं पाणी वापरा, असा सल्ला काही जण देतात. पण अशी यंत्रं एक लिटर शुद्ध पाणी देताना त्याहून जास्त पाणी वाया घालवतात. ज्या जिल्ह्याने २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ पाहिले, तिथे माशासाठी पाणी बदलण्यापेक्षा पाण्यासाठी मासा बदललेला बरा.

दुसरी गोष्ट वाढ. दुकानात सगळे मासे बोटाएवढेच दिसतात, कारण ती पिल्लं असतात. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा चंदेरी, चपळ मासा हा बहुतेक वेळा पंगस असतो. बाजारात किलोच्या भावाने विकतात, तोच. काच साफ करणारा सकर दोन इंचाचा आणला तरी फूटभराहून मोठा होतो. गोल्डफिशही वीतभर वाढतो. म्हणून विकत घेताना ‘हा केवढा आहे’ असं विचारू नये, ‘हा केवढा होतो’ असं विचारावं. दोन फुटी टाकीत पूर्ण वाढ दोन इंचांच्या आतबाहेर असणारेच मासे ठेवावेत. आणि एक साधा नियम लक्षात ठेवावा : ज्या माशाच्या तोंडात दुसरा मासा मावतो, तो आज ना उद्या त्याला खातो. त्याला आपण दुष्टपणा म्हणून उपयोग नाही. त्याच्या लेखी ते जेवण आहे.

तिसरी गोष्ट स्वभाव. लहान मासा म्हणजे गरीब मासा, असं नसतं. टायगर बार्ब जेमतेम अडीच इंचांचा, पण लांब आणि संथ हलणारा पर दिसला की त्याला राहवत नाही. फायटर म्हणून ओळखला जाणारा बेट्टा दुसऱ्या नराला सहन करत नाही, आणि झुपकेदार शेपटीच्या गप्पीलाही तो कधी कधी आपला वैरी समजतो. फ्लॉवरहॉर्नसारखे मासे तर एकटेच ठेवायचे. त्यांच्या टाकीत शेजार हा प्रश्नच येत नाही.

उलट काही मासे शांत असतात, पण सोबतीशिवाय घाबरट होतात. झेब्रा डॅनिओ, चेरी बार्ब, निऑन हे थव्याने राहणारे मासे. हे दोन-दोन आणले की कोपऱ्यात दबून राहतात, रंग फिका पडतो, किंवा एकमेकांचाच पाठलाग करत सुटतात. एका जातीचे निदान सहा हवेत. आपल्याला मात्र हौस असते ती ‘प्रत्येकातले दोन-दोन’ घेण्याची. लग्नाच्या आहेरासारखी जोडी-जोडी जमवू नये. पाच जातींच्या जोड्या आणण्यापेक्षा एका जातीचा थवा आणावा. टाकी शांत राहते आणि खरं सांगायचं तर सुंदरही तीच दिसते.

गप्पी आणि प्लॅटीच्या बाबतीत नर-मादीचा हिशेब पाहावा लागतो. नर मादीच्या सारखे मागे लागतात, म्हणून एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. पण मग दर महिन्याला पिल्लं. माशाच्या पिल्लाला पोहायला शिकवावं लागत नाही, ही म्हण गप्पीची पिल्लं पाहिली की पटते. मादी अंडी घालत नाही, थेट पोहणारी पिल्लंच देते. घरात एवढी लेकरं नको असतील तर नुसते नर ठेवावेत. नर आकाराने लहान असतात आणि रंग त्यांनाच असतो.

चौथी गोष्ट मजला. टाकीतही वाड्यासारखे मजले असतात. झेब्रा आणि गप्पी वरच्या थरात हिंडतात. बार्ब आणि टेट्रा मधल्या थरात असतात. कोरीडोरास नावाचा मिशीवाला छोटा मासा तळाशी वाळू हुंगत फिरतो. सगळे एकाच मजल्यावरचे मासे आणले की वर गर्दी आणि खाली ओसाड. वेगवेगळ्या थरांतले आणले की कोणी कोणाच्या वाटेत येत नाही. कोरीडोराससाठी खालची वाळू मऊ, गोलसर दाण्यांची हवी. धारदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. आणि त्याला तळाशी बुडणारं खाद्य वेगळं टाकावं. वरच्यांनी टाकून दिलेलं खाऊन तो जगेल, या समजुतीने अनेक घरांत तो उपाशी मरतो.

या चार गोष्टींना आपल्या भागापुरती पाचवी जोडायला हवी : ऊन आणि वीज. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलीग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसातच. त्यात वीज गेली की हवेचा पंप बंद. टाकी गच्च भरलेली असेल तर अशा दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करू लागतात. गुरामी जातीच्या माशांना मात्र निसर्गाने एक सोय दिली आहे. त्यांच्या डोक्यात एक जास्तीचा श्वसन-अवयव असतो, आणि ते पृष्ठभागावर येऊन हवेतला प्राणवायू घेतात. इतरांसाठी उपाय सोपा आहे. मासे कमी ठेवावेत, टाकी खिडकीच्या उन्हात ठेवू नये, दुपारी दिवा बंद ठेवावा आणि बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असू द्यावा. हिवाळ्यात रात्री गारठा असतो. गप्पीला पाणी १८ अंशांच्या खाली गेलेलं सोसत नाही, तेव्हा थंडीपुरता एक लहान हीटर लागतो. झेब्रा मात्र हा गारठा सहज काढतो.

झेब्रा डॅनिओ हा आपल्याच देशातला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली जे पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही, गर्भाची वाढ कशी होते हे अभ्यासण्यासाठी हाच मासा वापरतात. दीड इंचाचा, अंगावर निळे आडवे पट्टे, स्वस्त, काटक आणि भांडणापासून दूर. नवख्याने सुरुवात त्याच्यापासून करावी.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. दोन फूट, एक फूट, एक फूट म्हणजे दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५७ लिटर. वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता ५० लिटर धरा. एका लहान माशामागे चार-पाच लिटर पाणी असावं. म्हणजे दहा ते बारा मासे, जास्त नाही. आपल्या बोअरच्या पाण्यासाठी सहा झेब्रा आणि पाच नर गप्पी हा सोपा, निभावणारा मेळ आहे. ज्यांना पाणी थोडं मवाळ मिळतं, त्यांनी सहा चेरी बार्ब आणि हनी गुरामीची एक जोडी ठेवावी. ही टाकी संथ असते, पाहत बसावं अशी. तीन फुटी टाकी असेल तर या दोन्हींपैकी कुठल्याही मेळात तळाला सहा कोरीडोरास चालतील. मॉली आणि स्वोर्डटेल शांत असले तरी तीन-चार इंच वाढतात, म्हणून तेही मोठ्या टाकीसाठीच. रंग टोचलेले काचमासे कोणी दाखवले तर घेऊ नयेत. पारदर्शक माशाच्या अंगात सुईने रंग भरलेला असतो. तो रंग काही काळाने विरतो, पण माशाची यातना खरी असते.

मासे चांगले निवडले आणि घाईने आणले, तरी सगळं फसतं. टाकीत आधी पाणी मुरावं लागतं. एरवी ‘कुठंतरी पाणी मुरतंय’ म्हटलं की आपण सावध होतो, इथे मात्र ते मुरलंच पाहिजे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी असं नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी मांडून फिल्टर चालू करावा, पहिल्यांदा तीन-चार झेब्राच सोडावेत, खाद्य चिमटीभर टाकावं, आणि बाकीचे मासे पंधरा-पंधरा दिवसांनी आणावेत. रोज सगळं पाणी बदलणं आणि स्पंज नळाखाली धुणं म्हणजे हे जिवाणू स्वतःच्या हाताने मारणं. आमच्या गल्लीतल्या मुलाकडून मायेपोटी हेच घडत होतं.

पाणी आठवड्यातून एकदा बदलावं, तेही पाव हिस्सा. म्हणजे एक बादली. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग असेल तर बादली एक दिवस उघडी ठेवून मग वापरावी. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी आटतं. त्यात वरून नुसतं बोअरचं पाणी ओतत राहिलं तर क्षार वाढतच जातात, कारण वाफ होऊन जातं ते पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून थोडं काढून थोडं घालणं हेच बरोबर. काढलेली बादली फेकायची नाही. तिच्यात नायट्रेट असतं, ते झाडांचं खाद्य आहे. ती तुळशीला घाला, कढीपत्त्याला घाला. ज्या घरात घागरीचा हिशेब असतो, तिथेही या टाकीपायी एक थेंब वाया जात नाही, हे घरच्या बाईमाणसाला आधी पटवून दिलं पाहिजे. तिच्या संमतीशिवाय टाकी टिकत नाही, हा माझा अनुभव आहे.

शेवटची गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. मासा मोठा झाला, पिल्लं फार झाली, हौस संपली, की लोक काय करतात? ‘जीव आहे, मारू कसा’ म्हणून विहिरीत, कालव्यात नाही तर नदीत सोडून येतात. हेतू दयेचाच असतो. पण आपल्या तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी वाहते, आणि जायकवाडीचा डावा कालवा आपल्याच भागातून जातो. पाण्याला कुंपण नसतं. काच साफ करणारा तो सकर आंध्र, केरळ आणि बंगालच्या पाण्यात सुटला आणि तिथे मासेमारांच्या जाळ्यात देशी माशांऐवजी तोच येऊ लागला. त्याची खरखरीत, काटेरी कातडी जाळीही फाडते. दख्खनच्या नद्यांतले मासे कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवले, तेव्हा ‘नकटा’, ‘खुद्री’ अशी इथल्या लोकांच्या तोंडची नावंच त्यांनी शास्त्रीय नावांत घातली. ज्या माशांना आपल्या भाषेने नावं दिली, त्यांच्या घरात आपण परका, दांडगा शेजारी नेऊन सोडायचा नाही.

गप्पीचं काय, असं कोणी विचारील. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही घोषणा आपण भिंतींवर वाचलेली आहे. आरोग्य खात्याची माणसं डासांच्या अळ्या खाण्यासाठी साचलेल्या पाण्यात गप्पी सोडतात. कुठल्या पाण्यात सोडायचे, ते पाहून सोडतात. आपले जास्तीचे गप्पी त्यांना विचारून द्यावेत, शेजारच्या मुलांना द्यावेत, शाळेच्या टाकीत द्यावेत. पण ओढ्यात किंवा नदीत सोडू नयेत. गप्पी दुसऱ्या माशांची अंडी आणि पिल्लंही खातो.

आमच्या गल्लीतली ती टाकी महिनाभर रिकामी होती, म्हणजे मासे नव्हते, पाणी मुरत होतं. सकर आणि एक गोल्डफिश तगले होते, ते ज्यांच्याकडे मोठा हौद आहे अशा एका ओळखीच्यांकडे गेले. तिसरा टायगर बार्ब, तो दुकानदाराने परत घेतला. मग चार झेब्रा आले, नंतर आणखी दोन, नंतर पाच गप्पी. मुलाने वहीत प्रत्येकाची तारीख लिहून ठेवली आहे. परवा मी गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर मासे मोजले. अकरा. मग म्हणाला, “सर, अजून एक एंजल आणू का?” आणि माझ्या तोंडाकडे पाहून स्वतःच म्हणाला, “नको. गप्पी त्याच्या तोंडात मावतात.”